गाडी आतून रंगवतात!

मंडळी, आपल्या होस्टेलच्या मागच्या मोकळ्या जागेत संध्याकाळी घुंईईई असा आवाज करत जी छोटी गाडी धावते आणि जिच्यामुळे मेसच्या काकू दोनदा ओरडल्या होत्या, ती आमची. रिमोटवर चालणारी, १/१० स्केलची, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची. मोटार, गिअर रेशो, सस्पेन्शन यांवर आमच्या टीममधला कोणीही तुम्हाला तासभर पिळू शकेल. पण गाडीला रंग कोण देतो, कसा देतो, हे कोणी विचारत नाही. ते खातं माझ्याकडे आहे. आता शेवटचं सेमिस्टर चालू आहे, दोन महिन्यांत खोली रिकामी करायची. तेव्हा जाण्याआधी हे खातं ज्युनियर्सच्या हवाली करावं म्हणून हा लेख. विषय आहे लिक्विड मास्किंग, म्हणजे बाटलीतून ओतायचा मास्किंग टेप!

हसू नका. खरोखर तसंच आहे ते.

पहिली बॉडी : अडाणीपणाचा नमुना

सेकंड इयरला पाच जणांनी वर्गणी काढून गाडी घेतली. त्याबरोबर एक पारदर्शक, काचेसारखी दिसणारी प्लास्टिकची बॉडी आली. मी लहानपणापासून गणपतीची मखरं रंगवत आलेला, त्यामुळे ‘रंगाचं काम याला द्या’ असं एकमताने ठरलं. मी गावातल्या रंगाच्या दुकानातून साधा स्प्रेचा डबा आणला, खिडक्यांवर सेलोटेप लावला आणि बॉडीला बाहेरून फर्मास लाल रंग दिला. गाडी अशी चकाकत होती, की रात्री दोन वाजता शेजारच्या खोलीतले बघायला आले.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच वळणावर गाडी उलटली, टपावर घसरत गेली, आणि रंग असा उडाला जसा भाजलेल्या पापडाचा चुरा. आमच्या ड्रायव्हरने एक लाल टवका उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “घे, आठवण म्हणून ठेव.”

त्या दिवशी कळलं की आरसी गाडीची बॉडी आतून रंगवतात. का, ते आधी बघू.

हे प्लास्टिक नक्की काय आहे?

बॉडी असते पॉलिकार्बोनेटची. १९५३ मध्ये जर्मनीत बायर कंपनीच्या हर्मान श्नेल यांनी आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्स यांनी हे प्लास्टिक एकमेकांपासून स्वतंत्रपणे शोधलं. जनरल इलेक्ट्रिकने त्याला ‘लेक्सन’ हे व्यापारी नाव दिलं. तो धंदा २००७ मध्ये साबिक कंपनीकडे गेला, पण गाडीवाले आजही बॉडीला ‘लेक्सन’च म्हणतात. हेल्मेटचा पुढचा काचेसारखा पडदा, सीडी, वर्कशॉपमधले सेफ्टी गॉगल हे सगळे याच घराण्यातले.

पॉलिकार्बोनेट सुमारे १५० अंश सेल्सिअसला मऊ पडतं. तापवलेला पत्रा साच्यावर ठेवून खालून हवा ओढून घेतली की तो साच्याला चिकटतो आणि थंड झाला की बॉडी तयार. याला व्हॅक्युम फॉर्मिंग म्हणतात. जाडी साधारण पाऊण ते एक मिलिमीटर. इतका पातळ पत्रा, पण टक्कर झाली की वाकतो आणि परत जागेवर येतो. म्हणूनच तो वापरतात.

आता विचार करा. बॉडी बाहेरून घासली जाणार, खडी उडणार, गाडी उलटणार. रंग बाहेर असेल तर पहिला मार रंगाला. रंग आत असेल तर मार प्लास्टिकला, आणि रंग मिलिमीटरभर जाड पारदर्शक ढालीच्या मागे सुखरूप. शिवाय बाहेरचा पृष्ठभाग मुळातच गुळगुळीत, त्यामुळे चकाकी फुकट मिळते. आपल्याकडे काचेवर उलट्या बाजूने काढलेली देवांची चित्रं असतात ना, तोच प्रकार.

दुसरी गोष्ट, रंगही वेगळा लागतो. साधा स्प्रे वाळून कडक होतो. बॉडी वाकते, रंग वाकत नाही, मग तो सुटतो. पॉलिकार्बोनेटसाठीचे रंग वाळल्यावरही लवचिक राहतात आणि प्लास्टिकला धरून बसतात. उदाहरणार्थ, तामिया या जपानी कंपनीच्या डब्यांवर ‘पीएस’ लिहिलेलं असेल तर तो रंग पॉलिकार्बोनेटचा, ‘टीएस’ असेल तर कडक प्लास्टिकच्या मॉडेलचा. एका अक्षराचा फरक, पण बॉडी वाया!

उलटी गंगा

आतून रंगवायचं म्हणजे सगळा क्रम उलटा. भिंतीवर आपण आधी मागचा रंग देतो आणि मग त्यावर नक्षी काढतो. इथे जो रंग आधी द्याल तोच बाहेरून सगळ्यात पुढे दिसतो. म्हणजे बारीक नक्षी आधी, मोठा भाग नंतर आणि पाठीचा रंग शेवटी.

त्यातला दुसरा नियम : शक्यतो गडद आधी, फिका नंतर. काळ्याच्या मागे पांढरा मारला तर काही बिघडत नाही. पण पांढऱ्याच्या मागे काळा मारला तर पांढरा राखाडी दिसायला लागतो, कारण पातळ थरातून मागचा रंग डोकावतो. फिका रंग आधी द्यावाच लागला, तर त्याच्या मागे आधी चंदेरी थर द्या. चंदेरी रंगातल्या ॲल्युमिनियमच्या बारीक पापुद्र्यांमुळे प्रकाश आरपार जात नाही. फ्लुरोसंट रंगांच्या मागे मात्र पांढराच द्यायचा, तरच ते पेटल्यासारखे दिसतात.

हे सगळं ठीक, पण एका रंगाच्या वेळी बाकीची जागा झाकायची कशाने? मास्किंग टेप सरळ रेषेला उत्तम. पण बॉडीच्या आत एकही जागा सपाट नसते. बॉनेट दोन्ही दिशांना वळलेलं, चाकांवरचे फुगवटे, कोपरे, खाचा. ड्रॉइंगच्या भाषेत सांगायचं तर डबल कर्व्हेचर. कागद फुटबॉलवर जसा सुरकुत्यांशिवाय बसत नाही, तसा टेपही बसत नाही. प्रत्येक सुरकुतीखाली रंग झिरपतो आणि ज्वाळा काढायला जावं तर अमिबा दिसतो.

इथे बाटली कामाला येते.

बाटलीतला टेप

लिक्विड मास्क म्हणजे रबराच्या चिकासारखा पातळ, पाण्यातला द्रव. परदेशातल्या गाडीवाल्यांत ‘बॉब डाइव्हली’ हे त्यातलं जुनं नाव, इतरही बरेच आहेत. दोडामार्गकडच्या मित्रांनी रबराच्या झाडाचा चीक बघितला असेल, साधारण तसलं प्रकरण समजा. यात पॉलिमरचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेलं की कण जवळ येतात, दाबले जातात आणि एकमेकांत मिसळून अखंड पडदा बनतो. ओलं असताना कणांवरून प्रकाश विखुरतो म्हणून ते दुधाळ दिसतं. कण एकजीव झाले की विखुरणं थांबतं आणि पडदा पारदर्शक होतो. फेविकॉल ओला असताना पांढरा आणि वाळल्यावर पारदर्शक का, याचंही उत्तर हेच. व्हायवाला विचारलं तर माझं नाव सांगू नका.

म्हणजे ‘वाळलं का?’ हे बोट लावून बघायची गरजच नाही. दुधाळपणा गेला की थर वाळला.

हा पडदा बॉडीच्या आत प्रत्येक खाचेत बसतो, कारण तो तिथे ओतूनच तयार झालेला असतो. मग त्यावर ब्लेडने नक्षी कापायची, हवा तेवढा तुकडा सोलायचा, रंग मारायचा, पुढचा तुकडा सोलायचा, पुढचा रंग मारायचा.

ही कल्पना आपल्याला नवीन नाही. बाटिकमध्ये मेण लावतात, मेणाखाली रंग जात नाही. ईएनटीसीवाले लॅबमध्ये पीसीबी करताना तांब्यावर मार्करने ट्रॅक काढतात आणि फेरिक क्लोराइडमध्ये बुडवतात, मार्करखालचं तांबं वाचतं. आणि आमच्या मेकॅनिकलमध्ये केमिकल मिलिंग : १९५० च्या दशकात अमेरिकेत नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन कंपनीने विमानाचे पत्रे हलके करण्यासाठी ही पद्धत विकसित केली. पत्र्यावर रबरासारखा मास्क चढवायचा, टेम्प्लेटच्या कडेने कापायचा, सोलायचा आणि उघड्या भागातलं धातू रसायनाने खाऊन टाकायचं. जिथे जास्त खोली हवी तो तुकडा आधी सोलायचा. आमचीही पद्धत तीच, फक्त आम्ही धातू काढत नाही, रंग चढवतो.

आता प्रत्यक्ष कृती

१. धुणं. बॉडी कोमट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विड साबणाने आतून हलक्या हाताने धुवा. साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा आणि बोटांचा तेलकटपणा गेला पाहिजे, नाहीतर रंग धरणार नाही. मऊ कापडाने पुसा आणि नंतर आत बोट लावू नका. थिनर, ॲसिटोन यांच्या वाटेला अजिबात जायचं नाही. पॉलिकार्बोनेटला त्याने बारीक तडे जातात.

२. मापं. बॉडी गाडीवर ठेवून चाकांच्या कमानी आणि बॉडी पोस्टची भोकं बाहेरून मार्करने खुणा करून ठेवा. पण आत्ताच कापू नका. न कापलेली बॉडी वाडग्यासारखी असते, ओतलेला द्रव बाहेर जात नाही. शिवाय कडेचा जास्तीचा भाग सरावाला उपयोगी पडतो.

३. ओतणं. बाटली हलवू नका, काडीने ढवळा. हलवलं की बुडबुडे होतात आणि प्रत्येक बुडबुडा म्हणजे उद्याचं एक भोक. थोडा द्रव आत ओतून बॉडी फिरवा किंवा रुंद मऊ ब्रशने लावा, आणि उरलेला परत बाटलीत घ्या. पंख्याखाली वाळू द्या. असे तीन-चार थर. शेवटच्या थरानंतर रात्रभर ठेवा. पावसाळ्यात हवेतच पाणी भरलेलं असतं, तेव्हा आणखी धीर धरा. ब्रश लगेच धुवा, नाहीतर त्याचं खोडरबर होतं.

४. नक्षी. बॉडीवर बाहेरून एक पातळ संरक्षक फिल्म असते. ती काढायची नाही. तिच्यावरच बाहेरून मार्करने नक्षी काढा. याचा फायदा असा की नंबर, अक्षरं सुलट काढायची, आतून ती आपोआप उलटी दिसतात. आतल्या पारदर्शक मास्कमधून रेघ दिसते आणि तीच गिरवत कापायचं. प्रिंटआउट बाहेरून चिकटवणार असाल आणि छापलेली बाजू आत असेल, तर मात्र आरशातल्यासारखं उलटं छापून घ्या. आणखी एक, रेघ आणि ब्लेड यांच्यामध्ये मिलिमीटरभर प्लास्टिक आहे. तिरकं बघितलं तर रेघ सरकलेली दिसते. बघायचं नेहमी काटकोनात.

५. कापणं. याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे, कारण माझी दुसरी बॉडी इथेच गेली. आत्ता एवढंच : सगळ्या रंगांच्या सगळ्या रेषा पहिला रंग मारायच्या आधी कापून घ्या. एकदा रंग बसला की मास्क अपारदर्शक होतो, मग आतून रेघ दिसत नाही. आणि बाहेरच्या फिल्मवर प्रत्येक तुकड्याला नंबर घाला : १ आधी सोलायचा, २ त्यानंतर. रात्री एक वाजता डोकं चालत नाही, नंबर चालतो. खिडक्यांचा तुकडा सगळ्यात शेवटचा, रंगकाम संपल्यावर सोलायचा.

६. रंगवणं. समजा निळी गाडी, तिच्यावर पिवळ्या ज्वाळा आणि ज्वाळांना काळी किनार. क्रम असा : किनारीचा तुकडा सोला, काळा मारा. मग निळ्याची जागा सोला, निळा मारा. मग ज्वाळा सोला, पिवळा मारा. निळ्याच्या पाठीवरही पिवळा बसेल, बसू दे, बाहेरून दिसत नाही. शेवटी सगळ्याला पांढरी पाठ. ज्वाळांची टोकं नारिंगी हवी असतील तर पिवळ्याच्या आधी टोकांवर नारिंगीचा हलका फवारा द्या.

डबा २५-३० सेंटीमीटर लांब धरा. पहिला थर म्हणजे नुसतं धुकं. जाड ओला थर दिला तर केशाकर्षणाने रंग मास्कच्या कडेखाली शिरतो. धुक्याचे दोन थर वाळले की कड बंद होते, मग थोडा भरून मारा. जास्त रंग म्हणजे जास्त वजन, तेही गाडीच्या सगळ्यात वरच्या भागात. ढोबळ हिशेब करा : बॉडीचं क्षेत्रफळ ०.१५ चौरस मीटर धरलं तर दर १० मायक्रॉन जाडीमागे दीड घन सेंटीमीटर रंग, म्हणजे दोनेक ग्रॅम. शंभर ग्रॅमच्या आसपासच्या बॉडीवर असे पाच-सहा जादा थर दिले की वळणावर गाडी उलटायला मदत तुम्हीच केलीत.

आणि हे काम खोलीत करायचं नाही. गच्चीवर, मोकळ्या हवेत, रंगाच्या वाफेसाठीची काडतुसं असलेला मास्क लावून. तोंडाला रुमाल बांधल्याने वाफ अडत नाही. आम्ही एकदा पावसामुळे कॉरिडॉरमध्ये फवारा मारला होता. रेक्टर सरांनी जे सुनावलं ते इथे छापता येणार नाही, पण ते शंभर टक्के बरोबर होते. जवळ हीटर, कॉइल, काडेपेटी काही नको.

७. सोलणं. रंग हाताला लागेनासा झाला की सोला. चार दिवस ठेवून सोललात तर कडक झालेला रंग कडेला दातेरी तुटतो. ब्लेडच्या टोकाने कोपरा उचला आणि पडदा स्वतःवरच मागे दुमडून सावकाश ओढा.

हे दुमडणं का, तर त्याला साधं सूत्र आहे. सोलायला लागणारं बल = चिकटण्याची ऊर्जा × पट्टीची रुंदी ÷ (१ − कोसाइन थीटा). थीटा म्हणजे सोलण्याचा कोन. सरळ वर, ९० अंशात ओढलं तर भाजक १. मागे दुमडून १८० अंशात ओढलं तर भाजक २, म्हणजे बल निम्मं. पृष्ठभागाला चिकटून अगदी लहान कोनात ओढलं तर भाजक शून्याकडे जातो आणि बल बेसुमार वाढतं. आता पडदा किती बल सोसेल, हे त्याच्या जाडीवर अवलंबून. सोलायचं बल त्यापेक्षा जास्त झालं की पडदा तुटतो आणि नखाने खरवडत बसायची वेळ येते. तीन-चार थर का द्यायचे, याचंही उत्तर यातच आलं. एका थरात भागवणारे नेहमी पस्तावतात. बारीक अवशेष राहिलेच तर मास्किंग टेपच्या चिकट बाजूने टिपून घ्या.

८. शेवट. खिडक्या सोला, बॉडी कापा, भोकं गोल आणि गुळगुळीत करा आणि मग बाहेरची फिल्म काढा. हा क्षण एकट्याने घेऊ नका, सगळ्या टीमला बोलवा. नायट्रो इंजिनची गाडी असेल तर इंधन आतूनच उडतं, तेव्हा पाण्यावर आधारित रंगांवर इंधनरोधक लेप हवाच. आमची इलेक्ट्रिक, त्यामुळे ती कटकट नाही.

दुसरी बॉडी

आता राहिलेली गोष्ट. लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं.

पहिल्या बॉडीनंतर परत वर्गणी मागायची कोणाची हिंमत नव्हती. आमच्या ड्रायव्हरने दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या मामांच्या गॅरेजमध्ये काम केलं आणि त्या पैशातून नवीन बॉडी, रंग आणि मास्कची बाटली मागवली. माझ्या टेबलवर ठेवली आणि म्हणाला, “या वेळी घाई करू नको.”

मी घाई केली. सबमिशन तोंडावर होतं, रात्री जागून कापायला बसलो. ड्रॉइंगचं जुनंच ब्लेड होतं. बोथट ब्लेड, म्हणून दाब जास्त. कर्र असा बारीक आवाज येत होता, पण मला वाटलं, छान कापलं जातंय. तो आवाज मास्कचा नव्हता, प्लास्टिकचा होता.

रंग सुरेख आला. टेक फेस्टच्या दुसऱ्या हीटमध्ये गाडी एका साध्या टायरच्या बंपरला घासली. मोठी टक्कर नव्हती, आणि त्याआधी तिने याहून मोठ्या खाल्ल्या होत्या. पण बॉनेट फाटलं. ज्वाळेच्या टोकापासून मागपर्यंत, नागमोडी, अगदी काळ्या किनारीवरून. पुढच्या फेरीत चाक त्या फटीत अडकलं आणि आम्ही बाहेर.

ड्रायव्हरने विचारलं, “कशी फुटली रे?”

मी म्हणालो, “टक्कर जोरात होती.”

तो काही बोलला नाही. म्हणजे चूक त्याच्या ड्रायव्हिंगची ठरली, आणि ती मी ठरू दिली.

दोन दिवसांनी तो तुकडा रिव्हेट मारून जोडता येईल का बघायला वर्कशॉपमध्ये गेलो. फिटिंगच्या मामांनी चष्मा वर केला, तुकडा उजेडात धरला, नखाने कड चाचपली आणि म्हणाले, “पोरा, फुटलेलं असं सरळ वळणं घेत जात नाही. ही आधी कोणीतरी मारलेली रेघ आहे. काच कापताना हिऱ्याने मारतात तशी.”

बाजूला ड्रायव्हर उभा होता.

स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्समध्ये स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशनवर मी चांगले मार्क मिळवले होते. खाचेच्या टोकाशी ताण कित्येक पटीने वाढतो, आणि टोक जेवढं तीक्ष्ण तेवढा जास्त. पॉलिकार्बोनेट एरवी चिवट, पण तीक्ष्ण खाच दिली की हा चिवटपणा बराच कमी होतो. हे सगळं पेपरात लिहून आलो होतो आणि माझ्याच हाताने नक्षीच्या प्रत्येक रेषेवर खाच मारून ठेवली होती. जिथे नक्षी, तिथे फूट.

त्या रात्री गच्चीवर मी त्याला सांगितलं, की कापताना आवाज येत होता, मला तेव्हाच शंका यायला हवी होती, आणि टक्कर जोराची नव्हती हे मला तेव्हाही माहीत होतं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “बॉडीचं काय नाय रे. मी दोन दिवस झाले व्हिडिओ बघतोय, की मी कुठे चुकलो.”

हे वाक्य मला बॉडीपेक्षा जास्त लागलं.

म्हणून कापायचे नियम

ब्लेड नवीन, टोकदार, आणि दर थोड्या वेळाने बदलायचं. ब्लेड बॉडीपेक्षा कितीतरी स्वस्त असतं. चाकूवर दाब द्यायचा नाही, त्याच्या स्वतःच्या वजनाने जेवढं कापेल तेवढंच. आधी कडेच्या टाकाऊ भागावर तोच मास्क लावून सराव करा : कापा, सोला आणि नख फिरवा. नखाला खाच लागली तर दाब जास्त आहे. कोपऱ्यात रेघ ओलांडून पुढे नेऊ नका, दोन्ही बाजूंनी येऊन कोपऱ्यात थांबा. एका दमात नाही कापलं गेलं तर त्याच रेषेवरून हलक्या हाताने दुसऱ्यांदा फिरवा. आणि कर्र आवाज आला तर थांबा. झोपा. सकाळी करा.

तिसरी बॉडी

तिसऱ्या बॉडीचे पैसे मी दिले, हे सांगायला नकोच. पण रंगवायला मी नको म्हणत होतो. ड्रायव्हर म्हणाला, “रंग तूच दे. आता तुला आवाज माहितीय.” तीन थरांऐवजी चार दिले, चार नवीन ब्लेडं वापरली, कापायला दोन संध्याकाळी घेतल्या. फिल्म काढली तेव्हा फिटिंगच्या मामांनाही बोलावलं होतं. त्यांनी आतून नख फिरवून बघितलं आणि नुसती मान डोलावली.

तीच बॉडी सध्या मागच्या मैदानात धावते आहे. दीड वर्ष झालं. टपावर ओरखडे आहेत, पुढचा कोपरा जरा दुमडला आहे, एका टोकाला पिवळा किंचित झिरपला आहे. पण रेषेवर एकही फूट नाही.

ज्युनियर्सनो, उरलेली बाटली, ब्रश आणि ब्लेडचं पाकीट माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे. बाटलीचं झाकण घट्ट लावा, नाहीतर आतच रबर होईल. त्याच्या शेजारी दुसऱ्या बॉडीच्या बॉनेटचा फाटलेला तुकडा ठेवला आहे. तो टाकू नका. कापायला बसण्याआधी त्याच्या कडेवरून एकदा नख फिरवा आणि मगच नवीन ब्लेड उघडा.